विश्लेषण : 'डिलीट' केलं म्हणजे गेलं? सेवा केंद्रातल्या संगणकावर राहिलेल्या तुमच्या आधार कार्डाचं पुढे काय होतं?

जुलै २०२४मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतही राज्यातल्या इतर भागांसारखीच धावपळ उडाली होती. सेतू केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, सायबर कॅफे, नाक्यावरचं 'ऑनलाइन'चं दुकान, सगळीकडे महिलांची गर्दी. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुकचं पहिलं पान, हमीपत्र, फोटो. कागद स्कॅन व्हायचे किंवा दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जायचे, तिथून संगणकावर उतरायचे, साईज कमी करून अर्जाला जोडले जायचे. अर्ज गेला, बाई घरी गेली. फाईल मात्र 'डाऊनलोड्स' फोल्डरमध्येच राहिली.

लाडकी बहीण हे फक्त ताजं उदाहरण. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचा पीक विमा, साक्रीच्या विद्यार्थ्याचा जातीचा दाखला, शिरपूरच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, सगळ्यांची वाट याच संगणकांवरून जाते.

आता यातले बरेच संगणक बदलायची वेळ आली आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं समर्थन थांबवलं. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची अद्यतनं आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात, पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. लहान दुकानांत अजूनही चौथ्या-सहाव्या पिढीची यंत्रं चालतात. ती अधिकृतपणे पुढे जाणार नाहीत. म्हणजे ती विकली जातील, भाच्याला दिली जातील, जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी 'एक्स्चेंज'मध्ये जातील, नाहीतर भंगारात. प्रश्न यंत्राचा नाही, आतल्या डिस्कचा आहे.

आधारची प्रत कुणाच्या हाती लागली तर काय होतं?

याचं उत्तर याच योजनेनं दिलं. सप्टेंबर २०२४मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका दाम्पत्याने इतर महिलांचे आधार क्रमांक वापरून जवळपास ३० अर्ज भरल्याचं उघड झालं. पनवेल परिसरातल्या एका महिलेचा अर्ज काही केल्या भरला जात नव्हता, कारण तिचा आधार क्रमांक आधीच वापरला गेला होता. त्यातून हे प्रकरण बाहेर आलं. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात एका सेवा केंद्र चालकाने दुसऱ्याच कामाचं निमित्त सांगून पुरुषांची कागदपत्रं घेतली आणि लाडकी बहीणचे पैसे त्यांच्या खात्यात वळवून काढून घेतल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

या दोन्ही प्रकरणांत कागदपत्रं जुन्या हार्ड डिस्कमधून आली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. एकात ती इंटरनेटवरून मिळवल्याचं समोर आलं, दुसऱ्यात लोकांनी विश्वासाने हातात दिली होती. पण आधार क्रमांक आणि पासबुकाची प्रत एकत्र मिळाली तर काय करता येतं, हे त्यातून दिसतं. सेवा केंद्राच्या डिस्कवर हे दोन्ही एकत्रच असतं, शेकडोंच्या संख्येत, आणि बहुतेक वेळा फाईलचं नावच माणसाचं नाव असतं.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयलाही हा धोका माहीत आहे. मे २०२२मध्ये त्यांच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती: सायबर कॅफेसारख्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाऊनलोड करणं टाळा, आणि केलंच तर सगळ्या प्रती त्या संगणकावरून कायमच्या काढून टाका. आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, असंही त्यात होतं. त्या दुसऱ्या वाक्यावरून देशभर गोंधळ उडाला आणि चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून दोनच दिवसांत केंद्राने सूचना मागे घेतली. त्या गोंधळात पहिलं वाक्य विसरलं गेलं. शिवाय 'कायमच्या काढून टाका' म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

काहींना वाटतं, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच की. असतो. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. फाईलवर नाव लिहिलेलं असेल तर उरतं फक्त वर्ष, आणि ते शेजारच्याच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं.

डिलीट केल्यावर संगणक नेमकं काय करतो?

पहिली पायरी सगळ्यांना ठाऊक आहे. फाईल रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे फक्त जागा बदलते. बिन रिकामी केली किंवा शिफ्ट दाबून डिलीट केलं, की बहुतेकांना वाटतं काम झालं.

डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष मजकूर. दोन, कोणती फाईल कुठे आहे याची नोंदवही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या वहीला मास्टर फाईल टेबल म्हणतात. डिलीट केल्यावर संगणक फक्त वहीत शेरा मारतो की ही जागा आता मोकळी आहे. मजकुराला हातही लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून शेतातला कापूस उपटला जात नाही, तसंच. नवा मालक येऊन नांगर घालेपर्यंत उभं पीक तिथेच असतं.

असं का, तर वेगासाठी. दोन जीबीचा व्हिडिओ खरोखर पुसायचा तर संगणकाला दोन जीबी पुन्हा लिहावे लागतील. वहीत शेरा मारायला क्षणही लागत नाही. त्यामुळे डिलीट झटपट होतं आणि म्हणूनच ते अपुरं असतं.

रेकुव्हा, फोटोरेक यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम याचाच फायदा घेतात. फोटोरेक तर वही बघतच नाही. जेपीईजी फोटो कोणत्या खुणेने सुरू होतो, पीडीएफ कोणत्या, हे त्याला माहीत असतं. तो डिस्क सलग वाचत जातो आणि ती खूण दिसली की फाईल उचलतो. लग्नाचे फोटो चुकून उडाले की दुरुस्तीवाला ते परत आणून देतो, तो याच मार्गाने. त्याच दुकानात तुम्ही तुमची जुनी डिस्क देऊन येता, एवढाच फरक.

मग फॉरमॅट? इथे मोठा गैरसमज आहे. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे जुनी नोंदवही टाकून कोरी वही ठेवणं. शेत जसंच्या तसं. क्विकसमोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या संपूर्ण भागावर शून्य लिहितात, आणि साध्या हार्ड डिस्कसाठी ते चांगलं काम आहे. दुकानात 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' असं म्हणतात, ते जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारचं असतं. त्यांना वेळ नसतो, आणि तसं कुणी सांगितलेलंही नसतं.

हा निष्काळजीपणा फक्त छोट्या गावांचा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३मध्ये निष्कर्ष छापले. नीट पुसलेल्या डिस्क निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक होते, आणि एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. वीस वर्षांनीही फार शहाणपण आलेलं नाही. मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेने जुने सर्व्हर आणि डिस्क हटवायचं काम अशा कंपनीला दिलं जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसह इंटरनेटवर लिलावात विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या बाजार नियामकाने त्यासाठी ३.५ कोटी डॉलरचा दंड लावला.

एकदा पुसायचं की पस्तीस वेळा?

इंटरनेटवर शोधलं की '३५ वेळा ओव्हरराईट करा' हा सल्ला हमखास सापडतो. त्याचं मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६च्या एका शोधनिबंधात आहे. त्या काळातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क लक्षात घेऊन त्यांनी ३५ नमुने सुचवले होते. सगळे एकाच डिस्कवर चालवायचे, असा त्याचा अर्थ नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. आजच्या हार्ड डिस्कसाठी एकदा नीट पुसणं पुरतं, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची मार्गदर्शिकाही मानते. हिशेब करून पाहा. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने लिहिली तर एका फेरीला साधारण दीड तास लागतो. पस्तीस फेऱ्यांना दोन दिवसांहून जास्त. लोडशेडिंगच्या वेळा धरल्या तर विचारूच नका. असा सल्ला ऐकून माणूस एकही फेरी करत नाही, हेच त्याचं खरं नुकसान.

एसएसडीची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि गेल्या काही वर्षांत दुरुस्तीच्या दुकानांनी जुनी यंत्रं वेगवान करायला सर्रास एसएसडी बसवल्या आहेत. एसएसडीमधल्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात. त्या लवकर झिजू नयेत म्हणून आतला नियंत्रक प्रत्येक नवं लिखाण वेगळ्या जागी टाकतो. तुम्ही फाईलवर शून्य लिहायला सांगता, तो शून्य दुसरीकडेच लिहितो; जुनी प्रत कुठेतरी तशीच पडून राहू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी २०११मध्ये हे तपासलं. एकेक फाईल पुसण्याच्या पद्धतींनंतरही एसएसडीवर त्या फाईलचा ४ ते ७५ टक्के भाग शिल्लक सापडला.

उलट बाजूही आहे. आधुनिक एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय असते. डिलीट झालेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज एसएसडीला कळवतं आणि ती जागा पुढे आतूनच साफ होते. त्यामुळे एसएसडीवरून चुकून उडालेले फोटो परत आणणं बऱ्याचदा अवघड जातं. पण 'बऱ्याचदा' या शब्दावर दुसऱ्यांची कागदपत्रं सोडून देता येत नाहीत. यूएसबीने जोडलेल्या जुन्या पेटीत किंवा पेन ड्राईव्हमध्ये ट्रिम चालेलच याची खात्री नसते.

मग प्रत्यक्षात करायचं काय?

संगणक विकायचा किंवा द्यायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. इथेच बहुतेक जण 'नेक्स्ट' दाबून मोकळे होतात. थांबा. 'चेंज सेटिंग्ज' उघडा आणि 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. तो मुळात बंद असतो. चालू केला की काम काही तास चालतं, पण खरं पुसणं तेव्हाच होतं. यंत्रात दोन डिस्क असतील, एसएसडीवर विंडोज आणि जुन्या हार्ड डिस्कवर डेटा, तर 'ऑल ड्राईव्ह्ज' निवडलं आहे का ते पाहा. बऱ्याच दुकानांतल्या यंत्रांची रचना नेमकी अशीच असते आणि 'डी' ड्राईव्ह तसाच राहून जातो.

संगणक चालू ठेवायचा आहे, फक्त जुन्या फाईली घालवायच्या आहेत? साध्या हार्ड डिस्कवर मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट किंवा 'इरेझर' हे फुकट साधन चालतं. आधीच डिलीट केलेल्या फाईलींसाठी विंडोजमध्ये 'सायफर' नावाची आज्ञा आहे. ती शिल्लक फाईलींना धक्का न लावता फक्त मोकळी जागा पुसते, तेही तीन फेऱ्यांत. रात्री दुकान बंद करताना चालू करून जाण्यासारखं काम.

एसएसडीसाठी दोन रस्ते. सॅमसंग, क्रुशल, वेस्टर्न डिजिटल अशा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर असतात, त्यात 'सिक्युअर इरेज' शोधा. काही यंत्रांच्या बायोसमध्येही ते असतं. दुसरा रस्ता जास्त शहाणा, पण तो पहिल्या दिवशीच धरावा लागतो: डिस्क कूटबद्ध करून ठेवणं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, होम आवृत्तीत काही यंत्रांवर 'डिव्हाईस एन्क्रिप्शन', नाहीतर फुकटचं व्हेराक्रिप्ट. मग चावी नष्ट झाली की आतला मजकूर निव्वळ गोंधळ. वापरात असलेल्या डिस्कवर बिटलॉकर लावताना 'फक्त वापरलेली जागा' नव्हे, 'संपूर्ण ड्राईव्ह' निवडा. पहिल्या पर्यायात जुन्या डिलीट केलेल्या फाईली उघड्याच राहतात. रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर तुम्हीही बाहेर.

डिस्क बिघडली आहे, संगणक ओळखत नाही, म्हणून भंगारात देताय? विंडोजला दिसत नाही म्हणजे कुणालाच वाचता येणार नाही, असं नाही. अशा डिस्कला ड्रिलने आरपार भोकं पाडणं हा उपाय रांगडा वाटला तरी योग्य आहे. एसएसडी असेल तर आतली प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. लोहचुंबकाचा एसएसडीवर काहीही परिणाम होत नाही. आणि यातलं काहीच जमत नसेल तर डिस्क काढून घ्या, बाकीचं यंत्र विका. जुन्या डिस्कला एक्स्चेंजमध्ये तशीही फारशी किंमत येत नाही.

फाईल पुसली तरी तिच्या सावल्या राहतात, हा भाग बहुतेक मार्गदर्शनांत सुटतो. विंडोज फोटोंच्या छोट्या प्रतिमा वेगळ्या साठवतं. प्रिंटला दिलेली फाईल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते. ब्राउझरमध्ये ग्राहकांच्या लॉगिनचे पासवर्ड 'सेव्ह' झालेले असतात. दुकानाच्या मोबाईलमधलं व्हॉट्सअ‍ॅप ते कागद महिनोन्‌महिने सांभाळतं. डेस्कटॉप फोल्डर वनड्राईव्हला जोडलेलं असेल तर प्रत मायक्रोसॉफ्टकडे असते आणि तिथल्या बिनमध्ये ती ३० दिवस राहते. गुगल ड्राईव्हचंही तेच. आणि झेरॉक्सचं मोठं डिजिटल यंत्र. त्यातल्या अनेकांत हार्ड डिस्क असते, स्कॅन केलेली पानं त्यात साठतात. अमेरिकेत भाड्याची झेरॉक्स यंत्रं न पुसता परत केल्याबद्दल अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेला २०१३मध्ये सुमारे १२ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे कोर्टासमोरच्या, तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं जुनं यंत्र कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसून टाकणं, हे या कायद्यात बंधन आहे, आणि आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. मात्र मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सेवा केंद्राच्या बाबतीत जबाबदार कोण, योजना राबवणारं खातं, केंद्र देणारी यंत्रणा की टेबलामागे बसलेला चालक, याचा खरा निकाल पहिल्या तक्रारी मंडळापुढे गेल्यावरच लागेल. तोवर सगळं चालकाच्या सवयीवर आहे, आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती जळगावकरांना समजावून सांगावी लागत नाही. भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे बीएचआर, या जळगावात मुख्यालय असलेल्या बहुराज्यीय पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१५मध्ये अटका झाल्या, पुढे अवसायक नेमला गेला, आणि त्या काळातल्या कारभाराच्या तक्रारीवरून नोव्हेंबर २०२०मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले. अशा प्रकरणांत ठेवीदाराच्या हातात उरतो तो फक्त पुरावा, आणि तो कागदाइतकाच संगणकात असतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१नुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. नोटीस आली आणि त्या रात्री डिस्क पुसली, तर 'ग्राहकांच्या गोपनीयतेसाठी पुसली' हे सांगणं टिकणार नाही. व्यापाऱ्यांसाठी आणखी एक बंधन: जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. केळीचा आडत्या असो की सराफ, जुना संगणक पुसण्याआधी हिशेबाचा बॅकअप दुसरीकडे उघडून पाहिलेला हवा. नुसता घेतलेला नव्हे, उघडून पाहिलेला.

म्हणून पुसायचं ते ठरवून आणि नियमाने. अर्ज मंजूर झाला, पावती दिली, की त्या ग्राहकाचं फोल्डर त्याच आठवड्यात जायला हवं. सहा महिन्यांनी 'सी ड्राईव्ह फुल्ल झाला' म्हणून नव्हे.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यातलं थोडंच आहे. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' मिळतं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ओळख दाखवायच्या बऱ्याच कामांना ते चालतं, अनुदानाच्या योजनांना मात्र बहुधा पूर्ण क्रमांक लागतो. एमआधार अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, म्हणजे अंगठ्याने पैसे काढण्याचा मार्ग बंद राहतो. ई-केवायसीच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले असतील तर काम झाल्यावर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून उपयोग मर्यादित. त्याला मुदत असते आणि संगणकावर उतरवलेली प्रत त्याने जात नाही. त्यापेक्षा पावती घेताना दुकानदाराला समोरच फाईल काढायला सांगावी, रिसायकल बिनसकट. ती पूर्ण पुसली जाणार नाही, पण फोल्डर उघडणाऱ्या पुढच्या माणसाला ती नावानिशी समोर दिसणारही नाही.